पेटा, तालुका आणि संच

आज कर्जत व खालापूर हे दोन स्वतंत्र तालुके असले, तरी ब्रिटिश अमदानीच्या दप्तरात खालापूर हा कर्जत तालुक्याच्या पोटातला पेटा होता. ठाणे जिल्ह्यात मोडणारा तो तालुका १८९१ साली कुलाब्यास जोडला गेला आणि १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले.

गावांचा पेटा, पेट्यासह तालुका, तालुक्यांचा जिल्हा, ही समूहात समूह बसवण्याची रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की पायथन ही संगणकभाषा नव्याने शिकणारा विद्यार्थी गावांचा संच (‘सेट’) रचून तो जिल्ह्याच्या संचात घालू पाहतो तेव्हा त्यात त्यास काहीच वावगे दिसत नाही. यंत्र मात्र ‘टाइपएरर : अनहॅशेबल टाइप : सेट’ असा शेरा मारून थांबते. संचातील घटकाची जागा त्याच्या मूल्यावरून काढलेल्या ‘हॅश’ नावाच्या अंकाने ठरते; घटकात मागाहून फेरफार झाला तर अंकही पालटेल, आणि नोंद दप्तरात असूनही हाती लागणार नाही. तलाठ्याकडे फेरफारासाठी गाव नमुना ६ ही स्वतंत्र वही असते. संचापाशी अशी वही नाही, म्हणून तो अचल घटकच स्वीकारतो.

ग्रेग विल्सन यांच्या २००० सालच्या प्रस्तावातून निघालेला संच २००३ साली पायथन २.३ मध्ये आला, तेव्हा आत घातलेल्या संचाची अचल प्रत तो गुपचूप करून घेई; मूळ संचात पुढे एखादे गाव वाढवले, तरी जिल्ह्याच्या संचातली प्रत जुनीच राही. २००४ च्या २.४ आवृत्तीत रेमंड हेटिंगर यांनी संच भाषेच्या गाभ्यात आणला तेव्हा ही मुकाट सोय वगळण्यात आली आणि ‘फ्रोझनसेट’ हा अचल संच प्रोग्रामरने स्वतः मागावा असे ठरले. माझ्या मते हा निर्णय सर्वस्वी योग्य होता, कारण चुकीच्या नोंदीपेक्षा थांबलेले काम केव्हाही पत्करले.

दुरुस्ती सोपी आहे : गावांचा संच ‘फ्रोझनसेट’मध्ये बांधून मगच जिल्ह्यात घालावा, क्रम राखायचा असल्यास ‘टपल’ ही अचल यादी घ्यावी, मात्र तिच्या आत ‘लिस्ट’ ही बदलती यादी असता कामा नये, नाहीतर तोच शेरा पुन्हा येतो. पेटा वेगळा काढताना जुना अचल संच वगळून दोन नवे घालावे लागतात. नवशिक्याने कर्जत-खालापूरची ही फाळणी एकदा स्वहस्ते करून पाहावी.