फ्रीझरला फुटलेला घाम

दोह्यात ऑगस्टमध्ये घराबाहेर पाऊल टाकलं की सगळ्यात आधी चष्मा पांढरा होतो. आत एसी, बाहेर आखाताची दमट हवा, आणि मध्ये तुमच्या थंड काचा. दोन मिनिटं आंधळ्यासारखं उभं राहायचं, मग चालू लागायचं. ह्याच दोन मिनिटांनी गेल्या उन्हाळ्यात माझा एक सर्किट बोर्ड खाल्ला.

पीएचडी करताना माझ्या एका रूममेटने जुन्या डीप फ्रीझरला बाहेरून तापमान नियंत्रक जोडून त्यात बिअरचे केग ठेवले होते. इथे घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे माझ्या केगमध्ये कोकम सोडा. तसं बघितलं तर हीच त्या केगची मूळ नोकरी. आज जगभरचे होमब्रूअर वापरतात ते उंच, स्टीलचे कॉर्नेलियस केग मुळात पेप्सी आणि कोका-कोलाच्या सिरपसाठी बनले होते. कंपन्यांनी पिशवीवाल्या खोक्यांत सिरप भरायला सुरुवात केली, केग भंगारात निघाले आणि बिअरवाल्यांनी ते उचलले. मी फक्त त्यांना सरबताकडे परत आणलं. आगळ आईने रत्नागिरीहून आणलेलं, वर्षभराचं.

फ्रीझर ४ अंशांवर धरायला मी एक छोटा कंट्रोलर, रिले आणि डिस्प्ले एका प्लास्टिकच्या डबीत बसवून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. डबीला रबरी गॅस्केट होतं, म्हणजे पाणी जायला जागाच नाही असं माझं गणित. तीन आठवड्यांनी कंट्रोलर बिघडला, रिले चालूच राहिला आणि सकाळी केगमध्ये लाल बर्फाचा ठोकळा. डबी उघडली तर आत थेंब. आलं कुठून हे पाणी?

हा प्रश्न जुना आहे. माठ ओला होतो तेव्हा पाणी आतूनच झिरपतं, म्हणून थंड स्टीलच्या पेल्यावरचं पाणीही आतूनच येत असेल असं वाटणं साहजिक आहे. दवाबद्दल तर शतकानुशतकं समजूत होती की ते आकाशातून पडतं. लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स ह्या डॉक्टरने रात्री बागेत लोकरीचे पुंजके ठेवून, सकाळी ते तोलून, १८१४मध्ये दाखवून दिलं की दव पडत नाही. पृष्ठभाग हवेपेक्षा थंड होतो आणि हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते. सहा वर्षांनी जॉन फ्रेडरिक डॅनियलने ह्याच तत्त्वावर आर्द्रता मोजायचं यंत्र बनवलं. कुठल्या तापमानाला दव धरू लागतं, तो आकडा म्हणजे दवबिंदू.

आखातात हा आकडा भयंकर असतो. समुद्र उथळ आहे, उन्हाळ्यात पाणी ३४-३५ अंशांपर्यंत तापतं आणि वारा ती वाफ किनाऱ्यावर आणून सोडतो. समोरच्या सौदी किनाऱ्यावर, धाहरानला, ८ जुलै २००३ला दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला. आता घरचा हिशोब. एसी चालू असलेल्या खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू साधारण १३. बाल्कनीत ३४ अंश आणि ७५ टक्के धरली तर तो २९. माझा फ्रीझर जागेअभावी बाल्कनीला लागून ठेवलेला, आणि दार बहुतेक वेळा उघडंच. म्हणजे मी डबीत गॅस्केटने बंद केली होती ती २९ दवबिंदूची हवा. पाणी बाहेरून शिरलंच नव्हतं, ते मीच आत कोंडलं होतं. शिवाय गॅस्केट पाणी अडवतं, वाफ पूर्ण अडवत नाही. डबी थंड झाली की आतली हवा आकसते आणि बाहेरची थोडी आत ओढली जाते.

आखातात विजेची तार आणि ओलावा ह्यांचं भांडण आपल्या मुंबईमार्गे सुरू झालं, हे मला ह्या निमित्ताने वाचताना कळलं. १८५७नंतर इंग्रजांना लंडनशी झटपट बोलायचं होतं. लाल समुद्रातून कराचीपर्यंत १८५९-६०मध्ये टाकलेली केबल निकामी झाली. मग १८६४मध्ये कराचीपासून फाओपर्यंत आखातातून केबल टाकली. ती इंग्लंडहून शिडाच्या जहाजांतून आली आणि मुंबईहून पुढे वाफेच्या बोटींनी ती जहाजं ओढून नेली. त्यातलं एक, ‘द ट्वीड’, आधी ‘पंजाब’ नावाची युद्धनौका होती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी. पुढे तिच्या मालकानेच प्रसिद्ध ‘कटी सार्क’ बांधून घेतलं.

त्या तारेवर गट्टापर्चाचं, म्हणजे एका झाडाच्या चिकाचं, आवरण होतं. ती अख्खी समुद्रात बुडवूनही चालली आणि माझी डबी कोरड्या फ्रीझरमध्ये मेली, ह्याचं मला आधी नवल वाटलं. पण बुडालेल्या तारेच्या आत हवाच नसते. डबी श्वास घेते.

हवा कोरडी करायची युक्ती माणसांसाठी निघालीच नव्हती. १९०२मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत. विलिस कॅरियरने थंड नळ्यांवर हवेतलं पाणी मुद्दाम धरवलं आणि तिथून एसी जन्मला. आज दोहा ज्यावर उभं आहे ते यंत्र छपाईसाठी बनलेलं, ह्याची मला अजून गंमत वाटते.

इलेक्ट्रॉनिक्सचा धडा मात्र युद्धात मिळाला. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीसारख्या ठिकाणी रेडिओ संच ओलाव्याने आणि बुरशीने बंद पडू लागले. उपाय दोन. एक, आतल्या भागांवर बुरशीनाशक मिसळलेलं लॅकर फवारायचं. अशा संचांवर एमएफपी असा शिक्का असे. दुसरा, पॅकिंगमध्ये सिलिका जेल. वॉल्टर पॅट्रिकने १९१९मध्ये पेटंट घेतलेला हाच पदार्थ आज बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ लिहिलेल्या पुडीत येतो. फोनच्या बोर्डावरचा पातळ लेप त्या लॅकरचाच वंशज.

नुसतं शुद्ध पाणी बोर्डाचं फारसं बिघडवत नाही. पण सोल्डरिंगनंतर राहिलेल्या फ्लक्सचे क्षार त्यात विरघळतात, व्होल्टेजमुळे धातूचे आयन एका पट्टीवरून दुसरीकडे निघतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे तंतू वाढतात. माझ्या बोर्डावर ते भिंगातून दिसले. म्हणून तो पहिल्याच दिवशी न मरता तीन आठवड्यांनी मेला.

दुसऱ्या वेळी कंट्रोलर आणि रिले फ्रीझरच्या बाहेर, भिंतीवर. आत फक्त सेन्सर, तोही स्टीलच्या नळीत सीलबंद. वायर झाकणाखालून आत जाते तिथे पुट्टी, आणि बाहेरच्या बाजूला वायरला खाली एक झोळ, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, कंट्रोलरपर्यंत चढत नाही. फ्रीझरच्या तळाशी सिलिका जेलचा डबा, रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवायचा. बोर्ड साफ करून लेप दिला. बाल्कनीचं दार बंद.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पापड आम्ही पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवतो, पण आधी उन्हात कडक वाळवून. तू न वाळवताच झाकण लावलंस होय रे?”

आगळ संपलंय. पुढचं मे महिन्यात.