बलरामाच्या हातूनच
मराठी नाटकाला कथानक बांधायला कोणी शिकवलं, असं कोणी विचारलं की मी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचं नाव घेतो. अण्णासाहेब किर्लोस्कर तिथले. जन्म १८४३ चा. त्याच साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं. त्या खेळांत सूत्रधार पदांतून आख्यान पुढे नेई आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलत. प्रसंगामागून प्रसंग येई, पण आधीच्या प्रसंगातूनच पुढचा निघावा अशी सक्ती नव्हती.

अण्णासाहेबांनी १८६६ मध्ये बेळगावात भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. १८८० चं 'शाकुंतल' पुण्यात गाजलं, तरी त्याची बांधणी कालिदासाची होती. त्यांची स्वतःची बांधणी पाहायची ती १८८२ च्या 'सौभद्रा'त.

गोष्ट जुनीच. बलराम आपली बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायला निघतो, अर्जुन संन्यासी बनून द्वारकेत येतो आणि बलरामच त्याला घरी नेतो, इथवर सगळं भागवताच्या दशम स्कंधात आहे. तिथे कृष्णाची फक्त संमती आहे. अण्णासाहेबांनी सारी सूत्रं त्याच्या हाती दिली. झोपलेल्या सुभद्रेला घटोत्कचाकरवी रानात पळवून नेतो तोही कृष्णच, आणि थोरल्या भावापुढे साळसूदपणे उभा राहतो तोही तोच.

बलराम त्या यतीच्या पायी लोटांगण घालतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो, तो प्रसंग नीट पाहावा. यती कोण हे प्रेक्षकाला ठाऊक, कृष्णाला ठाऊक. बलरामाला तेवढं नाही. लग्नाला अडून बसलेला माणूस आपल्याच भाबड्या भक्तीने लग्नाची वाट मोकळी करतो. इथे योगायोग लागत नाही, देव प्रकट व्हावा लागत नाही. बलरामाचा स्वभाव पुरतो. लग्न अर्जुनाशीच होणार हे पहिल्या अंकापासून माहीत असलेला प्रेक्षक शेवटपर्यंत जागचा हलत नाही, तो यामुळेच. पुढे काय होणार यापेक्षा ते कसं जुळून येणार, याची ओढ जास्त टिकते. माझ्या मते मराठी नाटकाला हे पहिल्यांदा उमगलं ते 'सौभद्रा'त.

बेळगावातच अण्णासाहेबांच्या सहवासात आलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे पुराणाचा आधारही सोडला. १८९९ च्या 'शारदे'त म्हाताऱ्या भुजंगनाथाचं शारदेशी लग्न जुळतं ते तिच्या बापाच्या, कांचनभटाच्या, पैशाच्या हावेमुळे. त्या बापाचा लोभ काढून घेतला, तर नाटक सुरूच होत नाही.