१४. पहिल्या वचनाचा वाद

१४. पहिल्या वचनाचा वाद : योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभीच्या वचनात (१:१) ‘देव’ हा शब्द दोनदा येतो. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी निश्चयवाचक उपपद आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. त्यावरून ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाने १९५०च्या इंग्रजी नव्या करारात दुसऱ्या ठिकाणी ‘एक देव’ असा अर्थ घेतला. या वचनात ‘देव’ म्हटलेला ‘शब्द’ म्हणजे येशू; त्यामुळे या अर्थाने तो पित्याहून कनिष्ठ ठरतो. क्रियापदापूर्वीच्या विधेयाला ग्रीकमध्ये बहुधा उपपद नसते, म्हणून बहुतेक अभ्यासकांना हा अर्थ मान्य नाही. मराठीत असे उपपदच नाही. प्रचलित भाषांतरांत ‘एक’ नसल्याने येशूचे पूर्ण देवत्व सूचित होते. निकियाच्या धर्मसभेने (इ.स. ३२५) हेच मत मान्य केले.