विमा दलाल : निवड आणि व्यवहार

विमा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला सर्वसाधारणपणे ‘एजंट’ म्हटले जाते. कायद्याने मात्र विमा एजंट आणि विमा दलाल यांच्यात फरक केला आहे. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर दलाल ग्राहकाच्या वतीने काम करतो. एकाच कंपनीशी बांधलेला नसल्याने दलाल अनेक कंपन्यांच्या योजना व हप्ते यांची तुलना करून सल्ला देऊ शकतो.

भारतात २००० साली विमा क्षेत्र खासगी कंपन्यांसाठी खुले झाले. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने २००२ मध्ये दलालांसाठी पहिली नियमावली जारी केली. २०१८ मध्ये नवी नियमावली आली. तीत थेट दलाल, पुनर्विमा दलाल आणि संयुक्त दलाल असे तीन प्रमुख वर्ग आहेत. सामान्य ग्राहकाचा संबंध प्रामुख्याने थेट दलालाशी येतो.

निवड करताना

हैदराबाद येथे मुख्यालय असलेल्या भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाकडे प्रत्येक दलालाची नोंदणी आवश्यक असते. नोंदणी क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील यादीत पडताळून पाहावा. दलालाला मोबदला सामान्यतः विमा कंपनीकडून मिळतो व तो हप्त्याशी निगडित असतो. त्यामुळे महाग योजना सुचवली गेल्यास तिचे कारण विचारावे आणि किमान तीन कंपन्यांची तुलना लेखी मागावी. ग्राहकाने विचारल्यास मोबदल्याची माहिती देणे हे दलालाच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. हप्त्यात सूट म्हणून स्वतःच्या मोबदल्यातील वाटा देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे व घेणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे.

व्यवहार करताना

प्रस्ताव अर्ज कोऱ्या स्वरूपात स्वाक्षरी करून देऊ नये. जुने आजार, शस्त्रक्रिया, व्यसने व अन्य पॉलिसी यांची माहिती दडवली गेल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. ‘हे लिहिण्याची गरज नाही’ असे कोणी तोंडी सांगितले, तरी अर्जावरील स्वाक्षरी ग्राहकाची असते आणि नुकसान त्याच्याच कुटुंबाला सोसावे लागते. हप्ता शक्यतो धनादेशाने किंवा ऑनलाइन, थेट कंपनीच्या नावे भरावा. कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याखेरीज कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही.

पॉलिसी हाती येताच अटी व अपवाद वाचावेत. २०२४ च्या नियमांनुसार आयुर्विमा तसेच किमान एक वर्ष मुदतीची आरोग्य विमा पॉलिसी पसंत न पडल्यास ३० दिवसांत परत करता येते. दाव्याच्या वेळी कागदपत्रांची जुळवाजुळव व कंपनीकडे पाठपुरावा यांत साहाय्य करणे हे दलालाचे कर्तव्य आहे.

तक्रार असल्यास

तक्रार प्रथम संबंधित कंपनीकडे अथवा दलालाकडे लेखी करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दलालांविरुद्धच्या तक्रारीही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. या कामासाठी शुल्क नाही व वकिलाचीही गरज नसते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.