विज्ञानकथांतील प्राण्यांचे भवितव्य

भविष्यातील माणूस इतर प्राण्यांना खाईल, राबवील, घडवील की जपेल, हा विज्ञानसाहित्यात वारंवार हाताळला गेलेला विषय आहे. अनेक कथांत प्राण्यांची सुटका होते ती माणसाचे मन पालटल्यामुळे नव्हे, तर तंत्रज्ञानामुळे किंवा टंचाईमुळे.

प्रारंभ

ब्रिटनमध्ये जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा कायदा १८७६ साली झाला, तरी त्याविषयीचा वाद शमला नाही. एच.जी. वेल्स यांची 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' (१८९६) ही कादंबरी याच काळातील आहे. तिच्यातील मोरो शस्त्रक्रिया करून पशूंना मानवी रूप व वाचा देतो; त्यांच्या वेदनांची त्याला पर्वा नसते.

मांसाहार

फ्रेडरिक पोल व सिरिल कॉर्नब्लुथ यांच्या 'द स्पेस मर्चंट्स' (१९५३) या कादंबरीत कोंबडीच्या ऊतीचा एक अवाढव्य, सतत वाढणारा गोळा कापून मांस पुरवले जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर लंडनमध्ये प्रत्यक्ष खाऊन दाखवला गेला तो २०१३ साली.

आर्थर सी. क्लार्क यांची 'द डीप रेंज' (१९५७) ही कादंबरी याहून वेगळी आहे. तिच्यात देवमासे गुरांप्रमाणे पाळून मांसासाठी मारले जातात. श्रीलंकेतील एक बौद्ध महानायक थेरो या कत्तलीला विरोध करतात. आपल्याहून श्रेष्ठ जीव पुढेमागे भेटले, तर आपण दुबळ्या प्राण्यांशी कसे वागलो यावरून ते आपल्याला जोखतील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. देवमाशांच्या खात्याचा प्रमुख वॉल्टर फ्रँकलिन अखेर त्यांच्या बाजूने झुकतो आणि मांसाऐवजी दुधाचा पर्याय पुढे येतो. क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत राहत होते.

करुणा आणि प्रतिष्ठा

फिलिप के. डिक यांच्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' (१९६८) या कादंबरीत युद्धानंतरच्या किरणोत्सारी धुळीने बहुतेक प्राणी नष्ट झाले आहेत. जिवंत प्राणी पाळणे हे करुणेचे लक्षण समजले जाते, आणि श्रीमंतीचेही. त्यांच्या किमतींची छापील सूची असते. ऐपत नसलेला रिक डेकार्ड विजेवर चालणारी मेंढी बाळगतो व शेजाऱ्यांपासून ते लपवतो. संशयित मनुष्य आहे की अँड्रॉइड, हे ओळखण्यासाठी त्याला वासराच्या कातड्याच्या पाकिटासारख्या गोष्टींविषयी प्रश्न विचारून त्याच्या शरीराच्या अनैच्छिक प्रतिक्रिया मोजतात. प्राण्यांसाठी कळवळणारा हाच समाज पळून आलेल्या अँड्रॉइडना मात्र ठार करवतो. कादंबरीचा खरा बोचरेपणा या विसंगतीत आहे.

तिच्यावर आधारित 'ब्लेड रनर' (१९८२) या चित्रपटात हा धागा क्षीण झाला. त्यात कृत्रिम घुबड व साप दिसतात, मेंढी नाही.