पोटातील श्वानोमा : निदान आणि शस्त्रक्रिया

आखनपासून फार दूर नसलेल्या नॉइस या गावी १८१० मध्ये थिओडोर श्वान यांचा जन्म झाला. मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींना त्यांचे नाव मिळाले आणि त्या पेशींपासून उद्भवणाऱ्या गाठीला 'श्वानोमा'. (मराठी वाचकाला आठवणाऱ्या श्वानाशी तिचा काहीही संबंध नाही.) प्राग येथे होसे व्हेरोके यांनी १९१० मध्ये तिचे वर्णन 'न्यूरिनोम' या नावाने केले. जर्मन अहवालांत हा शब्द आजही आढळतो. भारतातील कागदपत्रांशी तो ताडून पाहताना दोन वेगळे आजार समजू नयेत.

ही गाठ बहुधा डोके, मान किंवा हातापायांत होते, पोटात क्वचितच. तेथे ती उदरपोकळीच्या मागे, कण्यालगत वा ओटीपोटात सावकाश वाढते. तिथे जागा मोकळी असल्याने ती बरीच मोठी होईपर्यंत त्रास देत नाही. पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अकस्मात दिसते.

खरी अडचण ओळखण्याची आहे. एमआरआयमध्ये कडा रेखीव दिसतात, परंतु जुन्या गाठीत पाण्याच्या पोकळ्या व कॅल्शियम साचल्याने तिचे रूप सार्कोमासारखे भासते. पेट स्कॅनवरही निर्धोक श्वानोमा उजळून दिसू शकतो, म्हणून केवळ त्या चित्रावरून कर्करोग ठरवणे चूक. निर्णय सुईने घेतलेल्या बायोप्सीवर होतो : पेशी एस-१०० आणि सॉक्स-१० या चाचण्यांना प्रतिसाद देतात, जठरातील 'जिस्ट' गाठीत दिसणारे सीडी-११७ आणि डॉग-१ मात्र नसतात. कण्यालगतच्या गाठीला सुई लावण्यापूर्वी रक्तातील वा लघवीतील मेटानेफ्रिन तपासणे अत्यावश्यक. ती पॅरागँग्लिओमा असल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर उसळू शकतो.

या निदानावर शस्त्रक्रियेचा आवाका ठरतो. सार्कोमा समजले, तर शेजारचे मूत्रपिंड किंवा आतड्याचा भागही काढला जाण्याची शक्यता असते. श्वानोमात त्याची गरज नसते. गाठ मज्जातंतूच्या एका बाजूला वाढते, तंतू तिच्या आवरणावर पसरलेले असतात. आवरण उघडून ती अलगद सोडवता येते. मांडीच्या वा श्रोणीच्या मज्जातंतूला धक्का लागल्यास पायातील बळ किंवा लघवीवरील ताबा जाऊ शकतो, म्हणून त्याला चिकटलेला थोडा अंश मागे ठेवणे कित्येकदा शहाणपणाचे असते. लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवणे, हाही मान्य उपाय आहे.

यासाठी पोटाचे व मज्जासंस्थेचे शल्यविशारद, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र लागतात. आखनच्या विद्यापीठ रुग्णालयात हे विभाग एकाच अवाढव्य इमारतीत आहेत. लहान रुग्णालयात बायोप्सीविनाच मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर रुग्णाने अशा ठिकाणी दुसरे मत अवश्य मागावे.