खारे वारे, मतलई वारे आणि नवी मुंबईचा हिवाळा

आजच्या गोष्टीत राजा नाही, लढाई नाही. आज आपण एका शहराच्या हवेचा इतिहास पाहणार आहोत.

मी नवी मुंबईत, नेरूळला वाढलो. डिसेंबर लागला की आई रात्री पूर्वेकडच्या खिडक्या लावून घ्यायची. खाडीकाठी राहायचं आणि वारा अडवायचा? आम्ही हसायचो. ती एवढंच म्हणायची, "पहाटे वास येतो." पावसाळ्यात मात्र त्याच खिडक्या दिवसभर उघड्या. तिचं बरोबर होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शाळेच्या भूगोलात आपण सगळेच खारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा उलट फिरतो. तो मतलई वारा. परीक्षेत दोन गुणांचं हे उत्तर, पण या शहरात त्यावर माणसांचा श्वास अवलंबून आहे.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याच दशकात या पट्टीत ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्र उभं राहू लागलं. रसायनांचे कारखाने आले. डोंगरात खडीच्या खाणी सुरू झाल्या.

शहर आलं ते नंतर. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली होती. तिला खाडीपलीकडे, पूर्वेला वाढवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ९५ गावांची, म्हणजे मुख्यतः आगरी-कोळी समाजाची, भातशेती आणि मिठागरं संपादनाखाली आली. तिथे वाशी, नेरूळ, बेलापूर अशी उपनगरं वसली. १९८९ मध्ये न्हावा शेवा इथलं बंदर सुरू झालं आणि कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली. १९९२ मध्ये महानगरपालिका आली, लोकलही वाशीपर्यंत पोचली.

हा क्रम लक्षात घ्या. आधी कारखाने, मग घरं. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा तर १९८१ चा.

"समुद्र जवळ आहे, धूर वाहून जाईल," हा किनाऱ्यावरचा जुना समज. पण मुंबईचाच इतिहास त्याला उत्तर देतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी तिथे पहिली कापडगिरणी काढली. गिरण्या वाढल्या आणि १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवावर खास कायदा करावा लागला. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या शहरालाही नुसता वारा पुरला नव्हता.

वारा काम करतो, पण बारा महिने नाही. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा जोरदार वारा असतो आणि दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस हवा धुऊन काढतो. थंडीत वारा मंदावतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवा बसते आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं. धूळ, धूर, वायू वर जात नाहीत. त्यात मतलई वारा कारखान्यांकडून घरांकडे सरकतो. आईचा 'पहाटेचा वास' तो हाच.

आता सरकारी आकडा पाहू. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ या सूक्ष्म कणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, चोवीस तासांना ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ सुचवले. वार्षिक सरासरीत जुलैची धुतलेली हवा जानेवारीचं पाप झाकते. दम्याचं पोर मात्र सरासरी हवा घेत नाही, ते त्या रात्रीची हवा घेतं.

२०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला आणि मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नवी मुंबईचं नाव होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या हवेची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. महिना पाहिलात? पाऊस सरतो आणि प्रश्न उघडा पडतो.

तुमच्यापैकी कोणी विशाखापट्टणमला असेल, कोणी चेन्नईच्या एन्नोरजवळ. तिथेही समुद्र आणि कारखाने शेजारी आहेत. म्हणून सांगतो, किनाऱ्यावरच्या शहराची हवा पावसाळ्यातल्या दुपारी जोखू नका, हिवाळ्यातल्या पहाटे जोखा. कारखान्यांची तपासणी, खाणींची वेळ, नव्या घरांची जागा, सगळं त्या पहाटेच्या हिशेबाने ठरायला हवं.

आणि तोवर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थंडीत फिरायला अंधारात पाठवू नका. ऊन चढू द्या, झाकण उघडू द्या, मग जाऊ द्या. आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तीही नऊनंतरच बाहेर पडते.